एकोणीस टक्के

साताऱ्याच्या सैनिक कार्यालयातला क्लार्क भला माणूस.
मला खुर्ची दिली, ह्यांना हातानं खुणावलं,
पुण्याच्या बोर्डाचा कागद उलटासुलटा केला
आणि म्हणाला, वहिनी, एका टक्क्यानं गेलं बघा.
विसाला पैसे सुरू होतात. एकोणीसला
नुसता शिक्का. गोल, जांभळा.

मी विचारलं, एक टक्का म्हणजे केवढा हो?
त्याला वाटलं थट्टा करतेय. चहा मागवला त्यानं.

मला खरंच हवं होतं ते.
कुकरची कितवी शिट्टी म्हणजे एक टक्का?
थोरली सुट्टीत पहिल्यांदा पपा म्हणाली
आणि ह्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, काय म्हणली गं?
ते एकोणिसात धरलंय की बाहेर ठेवलंय?
माळावरच्या पवनचक्क्या रात्रभर घुमतात,
अख्ख्या गावाला झोप नाही.
ह्यांना वाटतं त्या मुक्यानंच फिरतात.
कुणी सांगितलं नाही. मीही नाही.

बावीस वर्षं तोफेशेजारी.
कापूस मिळाला तर कापूस, नाही तर कानात बोटं,
आणि बोटं तर कामात असायची.
देवळालीची रेंज, मग बर्फ, मग वाळू.
सुट्टीवर आले की रेडिओ असा लावायचे
की वरच्या आळीतल्या बायका म्हणायच्या,
शालनचा मालक आला वाटतं.
आम्हाला तो थाट वाटायचा.

परतताना वर्धनगडाच्या घाटात ह्यांनी सांगितलं.
सगळ्या एसटीनं ऐकलं; आपला आवाज केवढा, हे ह्यांना कळत नाही.
'काचेच्या खोलीत बसवलं. हातात बटण दिलं.
आवाज आला की दाबा म्हणाले. आवाज काय येईना.
पण काचेतनं त्या पोराचा खांदा दिसत होता.
त्यानं कळ फिरवली की खांदा वाईच हलायचा.
खांदा हलला की मी दाबलं.
सगळे नाही, पण लई बरोबर आले.'
आणि बघितलं माझ्याकडे,
गोळा नेमका पडल्यावर साहेबाकडे बघावं तसं.

पुढच्या सीटवरचा माणूस हसला. कंडक्टर नाही हसला.

मी काय बोलणार?
ही परीक्षा नापास होण्यासाठी होती,
हे कुठल्या तोंडानं सांगायचं
भरतीच्या दिवशी छाती अर्धा इंच कमी भरली म्हणून
डोळे पांढरे होईपर्यंत श्वास कोंडून उभ्या राहिलेल्या पोराला?
तेव्हाही फसवलं होतं सरकारला. आत घ्यावं म्हणून.

घरी येऊन अपील लिहायला घेतलं.
क्लार्कनं नमुना दिला होता:
सदर अपंगत्व हे सैनिकी सेवेमुळे आलेले असून.
ह्यांनी एका शब्दावर बोट ठेवलं. हे कुणाचं?
तुमचं, मी म्हणाले.
ऐकू गेलं नसेल. दुसऱ्यांदा विचारलं नाही.
खाली सही केली, शिरस्त्यानं,
आधी नंबर, मग हवालदार, मग हिंदुराव घार्गे,
आणि पेनाचं टोपण लावून ते माझ्यापुढं सरळ ठेवलं.

पुढच्या बोर्डाला डोळे मिटून बसायचं, मी सांगितलं.
दोनदा सांगावं लागलं.
मग म्हणाले, बरं, घे तालीम.
ओट्यावर बसले. पाठ ताठ, हात मांडीवर, डोळे गच्च.
मी चार पावलं मागं गेले. अहो म्हटलं.
गोठ्याच्या दारातून अहो म्हटलं.
परत जवळ आले, पाठीमागं उभी राहिले,
आणि लग्नाला तेहेतीस वर्षं झाल्यावर पहिल्यांदा
त्यांचं नाव घेतलं. नुसतं नाव, खणखणीत.

शेजारची सून बाहेर आली, हातात पिठाचा गोळा.
ह्यांनी विचारलं,
सुरू केलंस का?