टाचलेली पानं

माझ्या आधीच्या सरांनी धडा वगळला नव्हता,
टाचला होता.
चार पानं, वर एक पिन, खाली एक.
शाळेच्या सेटातली चोवीस पुस्तकं, अठ्ठेचाळीस पिना.
ऑफ तासाला मोजल्या मी,
वारणाकाठच्या या गावी हजर झाले त्याच आठवड्यात.
गंजाचे तांबूस डाग कागदावर उतरलेले,
आणि दोन पिनांच्या मधे पानं फुगलेली.
बोट घालून, मान वाकडी करून
पोरांनी वाचलंच होतं आत
दिसेल तेवढं.

मी हळदीचा रिकामा डबा टेबलावर ठेवला,
झाकणाला चीर पाडून. म्हटलं, विचारा. नाव नको.
शनिवारी घरी उघडला तर
सगळ्या चिठ्ठ्यांना हळद लागलेली.

"आवाज फुटतो तसं अजून काय काय फुटतं?"
"बाजूला बसले नाही, लोणच्याला हात लावला. नासलं नाही. आता काय होईल?"
"मामाचा मित्र गाडीवर मला पुढं बसवतो. हे त्या धड्यात येतं का?"
"दहावी झाली की माझं उरकणार आहेत."
याच्यापुढे प्रश्नचिन्ह नव्हतं.
आणि एक कोरी.

सोमवारी सभा.
डबा मधोमध, जप्त केल्यासारखा.
भूपालअण्णा मगदूम म्हणाले, बाई, हे वय न्हवं पोरांचं.
काही गोष्टी आपोआप कळत्यात.
तेवढ्यात त्यांचा फोन वाजला.
"व्हय डॉक्टर, कालपासनं माजावर हाय.
मागल्या खेपेची कांडी फुकट गेली,
आता चांगल्या वळूची आणा, कालवडच व्हाय पायजे."
आवाज जराही खाली आला नाही.
नववीतला त्यांचा नातू चहाचा ट्रे धरून उभा.
फोन खिशात गेला.
"तर मी काय म्हणत हुतो..."
झांबरे सर पंख्याकडे बघत राहिले.
मी हजेरीपटात तोंड घातलं.

हसण्यासारखं एवढंच होतं.
एक वडील मळ्यातनं थेट आलेले,
बाहीला उसाची कुसं. ते भांडायला आले नव्हते.
"तुम्ही शिकवशीला, बाई. पोरगी घरी यीऊन मला इचारंल.
मी काय सांगू? मला कुणी सांगितलंय?"
याचं उत्तर माझ्या बी. एड. मध्ये नव्हतं.
मी पाण्याचा ग्लास त्यांच्याकडे सरकवला.

दाराजवळ सखुबाई ऐवळे, खिचडीचा डाव हातात तसाच.
तिची सही कुणी मागत नाही.
तिनं विचारलं, किती पानं हायती?
चार.
"चारच?"
आणि ती परत चुलीकडे गेली,
करपल्याचा वास येत होता म्हणून.

इतिवृत्तात लिहिलं: विषय पुढील सभेत घ्यावा.
मुलींना वेगळं बसवावं, मुलांना त्या तासाला मैदान,
असं कुणीतरी सुचवलं, तेही लिहिलं.
डबा मला परत मिळाला. सही करून.

गाडीवरच्या चिठ्ठीचं अक्षर मी ओळखते.
उद्या मधल्या सुट्टीत तिच्याशी बोलायचं,
सभेची वाट न बघता.
इतरांना उत्तरं लिहितेय, खोडतेय,
शब्द शोधतेय जे पुस्तकी नाहीत आणि शिव्याही नाहीत.
आपल्या भाषेत मधली जागा फार अरुंद आहे.

ती कोरी चिठ्ठी तेवढी राहिलीय.
कोरी नाही खरं तर. रबरानं घासून घासून
कागद पातळ झालाय, एका ठिकाणी आरपार.
दिव्याखाली तिरकी धरली की दाबून लिहिलेलं उठतं,
मधलं काही लागत नाही,
सुरुवात तेवढी लागते:
बाई,