बावीस किलोंची ओढ

पहिल्यांदा कळलं ते कणीक मळताना.
अंगठ्यातलं शिंगाचं कडं
गळून पिठात गेलं, मला पत्ताच नाही.
लाटताना सुनेच्या हाताला लागलं.
ती हसली, मीही हसले,
मग दोघी बराच वेळ गप्प.

यकृतात गाठ होती, तान्ह्याच्या डोक्याएवढी.
कुत्र्यांपासून येते, डॉक्टरीणबाई म्हणाल्या.
आयुष्यात चौदा कुत्री पाळली,
एकाचंही नाव घेऊन दोष द्यावासा वाटेना.
उलानबातरला अकरा आठवडे.
जाताना शहात्तर किलो, येताना एकोणपन्नास.
उरलेले सत्तावीस कुठे टाकून आलीस,
असं जो तो विचारतो,
हरवलेल्या मेंढीची चौकशी करावी तसं.

देलच्या कमरपट्ट्याचे दोन वेढे व्हायचे, आता चार होतात.
‘खांडसुरेन, पोरगी दिसतेस की!’ म्हणते शेजारीण.
पण थंडीच्या तोंडावर
आम्ही बारीक जनावराकडे कोणत्या नजरेनं बघतो
ते मला ठाऊक आहे.

धनुष्य भिंतीवर होतं.
बर्च, रानबोकडाचं शिंग, स्नायूंचे दोर, माशाचा डिंक.
थोरला जन्मला त्या हिवाळ्यात
लुव्सनदाशनं बनवलेलं.
बावीस किलोंची ओढ.
मी कधी मोजलीच नव्हती ती,
श्वास कुणी मोजतं का?

दोरी चढवायलाच नवरा लागला.
चढवली, माझ्या हातात दिलं,
आणि घोडे बघून येतो म्हणून बाहेर गेला.
घोडे त्या दिवशी डोंगरापलीकडे होते.

ओढलं.
कोपर छातीपाशीच अडलं.
खांद्याच्या आत काहीतरी
नुकत्या जन्मलेल्या शिंगरासारखं
उभं राहू बघत होतं, कोसळत होतं,
पुन्हा बघत होतं.

मिशीलचं धनुष्य मागितलं. नातीचं.
नऊ किलो, फायबरचं, गुलाबी पट्टीचं.
‘बाण हरवला तर तूच शोधायचा, आजी.’
कबूल.
वाळल्या शेणाच्या ढिगावर रोज साठ बाण.
शेपटीची चरबी नको नको वाटायची,
तरी गिळायची, वर हाडांचा रस्सा.
नदीचा बर्फ आणायला जायची;
आधी एक ढेकूळ, उराशी धरून,
माघ सरता सरता गोणीत पाच.
असं लिहिलं की सोपं वाटतं.
मधले कित्येक दिवस मी नुसती झोपून होते
आणि भिंतीकडे पाठ करून.

वसंतात लुव्सनदाश आला.
चहा प्याला, धनुष्य उतरवलं, बोटानं वाजवून पाहिलं.
‘शिंग खरवडून सोळावर आणून देतो,
कुणाला कळायचं नाही.’
दोन रात्री विचार केला.
तिसऱ्या सकाळी मीच विचारलं,
खरवडलेलं परत भरतं का?
‘शिंग? छे.’
मग राहू दे, म्हटलं.
म्हातारा खूश झाला की नाराज, समजलं नाही.
जाताना सगळा आरूल खिशात भरून गेला.

नादमला मी नेमबाजांत नव्हते.
लक्ष्यापाशी उभी राहिले, ओरडणाऱ्यांच्या रांगेत.
बाण लागला की दोन्ही हात वर, उऊहाय!
दुपारपर्यंत तेच हात दुखू लागले.

संध्याकाळी मैदान ओस पडलं.
बायकांच्या रेघेवर, पासष्ट मीटरवर,
उभी राहिले. दोरी मीच चढवली होती,
गुडघ्यावर दाबून, दोनदा निसटल्यावर.
कानापर्यंत नाही आली.
हनुवटीपर्यंत आली.
बाण वीसेक पावलं अलीकडे पडला,
गवतातून सरपटला, थांबला.

तिकडून मिशीलनं दोन्ही हात वर केले.
उऊहाय!
खोटं ओरडू नये, मी रागावले,
लागला नाही तर लागला नाही.
ती बाण घेऊन धावत आली,
धापा टाकत म्हणाली,
‘मी बाणासाठी नाही ओरडले.’

कड्याच्या आत
बोकडाच्या कातड्याच्या तीन चिंध्या कोंबल्या होत्या.
काल एक काढली.
अजून थोडं सैल आहे.