थोडक्यात

चौकशीच्या फॉर्मवर पहिलाच रकाना:
'घटनेचे वर्णन थोडक्यात करा.'
थोडक्यातच तर झालं सगळं.
वर-खाली दोनशे फूट.
आडवं अंतर कुणालाच सांगता येत नाही.

सांबऱ्याचा टॉवर. मंगळवार, अकरा अठरा.
मार्गशीर्षातलं ऊन,
मुतग्याच्या बाजूला धुक्याची एक चिंधी अजून अडकलेली.
हैदराबादहून उतरायला आलेली एकसष्ट माणसं
आणि समोरून फ्लाइंग स्कूलचं दोन खुर्च्यांचं विमान,
त्यातली एक खुर्ची रिकामी.
दुसरीवर अनुजा मुचंडीकर, वय एकोणीस, तिसऱ्यांदाच एकटी.
मी म्हणालो, डावीकडे वळ.
तिने ते शब्द जसेच्या तसे परत म्हटले, शिकवल्याप्रमाणे,
आणि उजवीकडे वळली.

(नंतर म्हणाली, सर, कानाला डावंच ऐकू आलं होतं.
हाताचं मला माहीत नाही.)

शेजारी ईरण्णा हुक्केरी कन्नडमध्ये कुणाला तरी हाक मारत होता.
मी मराठीत मारली असेल.
माईकवर मात्र आम्ही इंग्रजीच राहिलो,
आकडे, दिशा, पुन्हा आकडे,
आवाज न चढवता,
कारण आवाज चढला की पोर घाबरते
आणि घाबरलेला हात दांडी ओढतो.
नऊ सेकंद.
टेपवर मोजली तेव्हा नऊ निघाली,
नाहीतर मी शपथेवर पाऊण तास सांगितला असता.

मग एकसष्ट माणसं जिना उतरून चालत गेली.
कुणी फोन कानाला लावला,
भात टाक म्हणून सांगत असणार.
हिरव्या साडीतली एक बाई ट्रॉलीवाल्याशी
हातवारे करून भांडत होती.
काचेतून ऐकू काही येत नव्हतं.
मी ते भांडण शेवटपर्यंत बघितलं.
इतकं चांगलं भांडण मी आयुष्यात बघितलेलं नाही.

चौथ्या दिवशी गेटवर शेवंता बाळेकुंद्रीकर आली.
मसुरीत भांगलत होती म्हणे त्या वेळेला.
'विमानं धडकली न्हाईत म्हणूलालेत सगळी.
पर सावल्या धडकल्या की, साहेब.
माज्या रानात.
एक मोठी, एक पुसट.
एकीत एक गेल्या.
आवाज न्हाई, काय न्हाई.
मग परत दोन झाल्या
आणि आपापल्या वाटंनं गेल्या.'
खुरपं टाकून ती तिथं जाऊन आली होती.
वाकून बघितलं होतं, एक पान दुमडलेलं नव्हतं.

चौकशीला आलेल्या साहेबांनी मला विचारायला लावलं,
उंची साधारण किती असेल?
ती माझ्याकडे बघत राहिली.
सावलीला कुठली उंची, म्हणाली.
साहेबांनी पेनला टोपण लावलं.

फॉर्मला सावलीचा रकाना नाही.
मी लिहिलं: जीवितहानी नाही.
मी लिहिलं: मालमत्तेचे नुकसान नाही.
त्याखाली सही केली, ती जरा तिरकी गेली,
बँकेत जुळली नसती.

अनुजा परत उडते आहे.
डाव्या मनगटावर बॉलपेननं 'डा' लिहून येते,
दुपारपर्यंत घामानं त्याचा नुसता काना उरतो.
मी बघितलं हे तिला ठाऊक आहे.
आम्ही त्यावर बोलत नाही.

आणि रविवारी बाजाराला जाताना
त्या बांधाशी आलो की मी स्कूटर बंद करतो,
ढकलत नेतो पंधरा-वीस पावलं.
बायको मागून उतरते, कुरकुरते,
पेट्रोल संपलं काय, विचारते.
होय म्हणतो.
वर काही नसतं.
खाली मसूर फुलावर आलेली,
फूल इतकं बारीक
की वाकल्याशिवाय दिसत नाही.