कलम सात

सदरच्या वकिलांनी नोटीस वाचून दाखवली
पंख्याखाली, एका दमात:
'इसारपत्रातील कलम सातची पूर्तता
मुदतीत न झाल्याने सदर करार
संपुष्टात आला आहे.'
मी म्हटलं, जरा सौम्य नाही का करता येणार?
ते म्हणाले, मॅडम, हे सौम्यच आहे.

कलम सात म्हणजे कुंदाबाई.
निखारेची बहीण, काटोलला दिलेली,
जिची सही हवी होती हक्कसोडपत्रावर
एकतीस मार्चच्या आत.

तो तीनदा जाऊन आला.
एकदा साडी घेऊन, एकदा मामेभावाला पुढं करून,
तिसऱ्यांदा दारातूनच.
"लय आडमुठी हाये जी," मला म्हणाला,
हुडकेश्वरच्या त्या दीड हजार चौरस फुटांवर,
जिथं मी चुन्यानं स्वयंपाकघर आखून ठेवलं होतं,
ओटा पूर्वेला.
ताबा मिळाला नव्हता, पण चुन्याला कुठं ताबा लागतो.

एप्रिलात मीच फोन लावला तिला.
पलीकडे कुकरची शिट्टी.
"तुमचे पैसे बुडू देऊ नका बाई.
भाऊ वाईट नाही माहा.
पण कागद तयारच करून आणला त्यानं,
खाली माहं नाव टाईप करून.
मले विचारलं असतं, तं देली असती सही."

मला पुढं बोलता येईना.
मीही दिली आहे एकदा.
उमरेडचं रजिस्ट्री ऑफिस, पंधरा मिनिटं.
अंगठ्याची शाई दादानं स्वतःच्या रुमालानं पुसली
आणि बाहेर येऊन आम्ही तर्री-पोहे खाल्ले,
त्यानं माझ्यावर जास्तीचा चिवडा टाकायला सांगितला.
कोणी विचारलं नव्हतं.
मीसुद्धा नव्हतं विचारलं, मला.

बुधवारी निखारे डीडी घेऊन आला. तीन लाख.
मग खिशातून एक पुडी काढली:
इसाराच्या वेळी वर ठेवलेला रुपया,
कुंकू तसंच, जरा काळं पडलेलं.
"नोटिशीत तीन लाख एक लिहून हाये."
वकिलांनी तोही मोजला होता.
चहा नको म्हणाला.
पावतीवर मी लिहिलं, भरून पावले.

परवा तिकडून गेले, मुद्दाम नाही,
म्हणजे थोडं मुद्दामच.
चुना उडून गेलेला, ओट्याची एक कड तेवढी शिल्लक.
शेजारी नवी पाटी: प्लॉट विकणे आहे.
खाली दोन नंबर.
पहिला निखारेचा.
दुसरा मी एप्रिलात लावला होता.