निसवण्याआधी

एप्रिलचा दुसरा आठवडा, केंटकीतला हमरस्ता.
फेस्क्यू गवत अजून पोटरीत आलेलं नाही,
हेच दिवस.
व्हर्लन टाकी भरतो, नोझल फुंकून बघतो,
बैलगाडीच्या चालीनं ट्रक काढतो.

मारायचं नाही गवताला.
हिरवं राहा, एवढंच सांगायचं,
फक्त निसवू नकोस.

पूर्वी उन्हाळ्यात तीनदा कापणी व्हायची.
अशाच एका तिसऱ्या खेपेला
एकतिसाव्या मैलाच्या उतारावर
ट्रॅक्टर उलटला. खाली डेलबर्ट.
मग हे औषध आलं.

जूनमध्ये सगळं घोट्याएवढं, गप्प.
त्या उतारावर तेवढं
दहा पावलं गवत कमरेला लागतंय,
तुऱ्यांनी जड, वाऱ्यात लवतंय.

साहेब विचारतात, इथं नोझल तुंबलं होतं का?
हो, म्हणतो व्हर्लन.
दर वर्षी तिथंच तुंबतं.