जवळपास

फॉर्मवर नऊ चौकोन आहेत.
पहिल्यात लिहिलं: उमेदवाराला चार वर्षं ओळखतो.
दुसऱ्यात विचारलंय, पदवी कोणती,
अभियांत्रिकी की अभियांत्रिकी तंत्रज्ञान?
दोन्हींच्या मधे एक बारीक रेघ आहे.
तिच्यावर माझी एकतीस वर्षं गेली.

आईली निएमी. मेकॅनिकल टेक्नॉलॉजी, शेवटचं सत्र.
बाप खनिजगोदीवर वेल्डर, पाठ जाईपर्यंत.
प्रवेश मिळाला त्या रात्री त्यानं विचारलं म्हणे,
"म्हणजे इंजिनियरच ना?"
आणि ती बटाटे वाढता वाढता म्हणाली,
"जवळपास."

डुलुथचा जानेवारी असा
की ग्रीस साबणासारखं कापता येतं.
सरोवर गोठलेलं, बोटी धक्क्याला झोपलेल्या,
गोदीवर दुरुस्तीचे दिवस.
कन्व्हेयर बघायला सोळा जणांना नेलं होतं.
पंधरा जण मीटरचे आकडे वहीत उतरवत होते.
हिनं माझ्या पेटीतला लांब स्क्रूड्रायव्हर उचलला,
टोक बेअरिंगच्या कवचावर टेकवलं,
मूठ कानामागच्या हाडाला,
आणि डोळे मिटून उभी राहिली,
शेजारच्या खोलीतलं भांडण ऐकावं तशी.
"सातवं," म्हणाली. "आत कुणीतरी वाळू चावतंय."
आकडे म्हणत होते, सगळं ठीक.

मे महिन्यात सातवं फुटलं.
अर्धं खनिज बोटीत, अर्धं गोदीवर.

फॉर्ममध्ये याला चौकोन नाही.

चौकोन सहा: उमेदवाराच्या भावी संधींबद्दल आपलं मत.
नोकरी मिळेल. लगेच मिळेल.
ड्रॉइंगच्या खालच्या कोपऱ्यात दोन रकाने असतात,
'तयार केले' आणि 'मंजूर केले'.
तिचं नाव पहिल्यात राहील, कदाचित वीस वर्षं.
दुसऱ्यात सही करील तिच्याहून लहान कुणी,
आणि सही वाळायच्या आत तिलाच फोन करील
की हे नेमकं बसवायचं कसं.
पगारातला फरक सुरुवातीला एका जुन्या गाडीएवढा,
पुढे पुढे एका घराएवढा.
परवान्याच्या परीक्षेला काही राज्यं बसू देतात,
काही दार लोटून घेतात
आणि खिडकीतून कामं देत राहतात.
पंप बंद पडला की रात्री दोनला तिला उठवतील.
मंजूर करणाऱ्याला झोपू देतील.

ही तक्रार नाही.
बरं, थोडी आहे.

मिनियापोलिसहून तिला बोलावणं आलंय,
पंप विकायचे, गाडी कंपनीची, हात स्वच्छ.
गोदीवरही जागा आहे. रात्रपाळी.
"तुम्ही काय केलं असतं?" तिनं गुरुवारी विचारलं.
मी म्हटलं, विकले असते पंप.
आयुष्यात एक बोल्टसुद्धा विकला नाही मी.
पण कुणाच्या तरी मुलीला
उणे तीस अंशात शिडीवर चढ म्हणायचं कसं?
ती माझ्या हातांकडे बघत राहिली,
नखांच्या कडांकडे,
आणि काही बोलली नाही.

काल संध्याकाळी स्क्रूड्रायव्हर परत द्यायला आली.
मी फॉर्मवर वाकलेलो होतो.
"ठेव कप्प्यात," म्हणालो, मान वर न करता.
कप्पा उघडल्याचा आवाज आला, मग मिटल्याचा.

आत्ता बघितलं.
कप्प्यात तीन फीलर गेज, खडूचा तुकडा,
माझा जुना बिल्ला.
स्क्रूड्रायव्हर नाही.

चौकोन सहा अजून कोरा आहे.
पेन तर उचललंय.