हातचा

थॉम्प्सनमध्ये, उणे एकतीसला,
जेवणाच्या टेबलावर मी हिशेब मांडलाय.
मिरोननं भांडी विसळून पालथी घातलीत
आणि तो मुद्दाम माझ्याकडे बघत नाहीये.

एका बाजूला खाण.
बाराशे मीटर खाली, निकेलच्या पोटात
ड्रिलची यंत्रं दुरुस्त करते मी.
वर्षाकाठी एक लाख अठरा हजार,
दातांचा विमा, पेन्शन,
आणि रुमाल धुऊन न जाणारी डिझेलची काजळी.

दुसऱ्या बाजूला, कसं लिहू हे,
आधी लायसन्स, मग दोन वर्षं
धावपट्टीशेजारी हमाली:
डायपरचे खोके, बटाटे, स्नोमोबिलचे पट्टे,
कधी प्लायवूडची शवपेटी,
जी उतरवून घ्यायला पलीकडे
अख्खं गाव थंडीत उभं असतं.
मग कधीतरी कुणीतरी म्हणेल,
ये, उजवीकडच्या सीटवर बस.

खाली जायचे पैसे मिळतात,
वर जायचे द्यावे लागतात.
एवढं लिहून मी पेन्सिलीला टोक केलं.

त्या जुन्या सेसनात एक छोटं मीटर आहे.
दर सहा मिनिटांनी त्यातला एक आकडा सरकतो.
सहा मिनिटं, सत्तावीस डॉलर.
गोठलेल्या बर्नटवुड नदीवरून वळले: सत्तावीस.
ढग कसा दिसतो ते नुसतं बघत राहिले: चोपन्न.
कॉल्टन शिकवतो. वय तेवीस,
हँगरच्या माळ्यावर झोपतो,
डब्यातले बीन्स गरमही न करता खातो.
गेल्या ऑक्टोबरात तो दार उघडून खाली उतरला,
म्हणाला, आता तू एकटी.
त्या फेरीचं बिल कमी आलं.
शिकवणाऱ्याचे पैसे वजा.
आकाश एकटीला स्वस्त पडतं, हे मला तेव्हा कळलं.

हेक्टर स्पेन्सला विचारून पाहिलं.
चाळीस वर्षं उत्तरेकडच्या तळ्यांवर विमानं उतरवली त्यानं.
दोन घटस्फोट, एक लोखंडी गुडघा.
म्हणाला, परवडलं का, ते आम्हाला विचारू नकोस.
टिकून राहिला तो खोटं बोलतो,
सोडून गेला तोही.
आणि माझ्याच कॉफीत माझीच साखर ढवळत बसला.

मिरोन म्हणतो, हातचं सोडून
पळत्याच्या मागे जाऊ नये.
चिडून नाही म्हणत.
सिंककडे तोंड करून म्हणतो.
त्यालाही एकदा सुतारकामाचं दुकान टाकायचं होतं,
ते आम्ही दोघंही बोलत नाही.

टेसा दुसरीत आहे.
माझ्या कोपराखालून तिनं कागद ओढला.
प्रशिक्षणाचे अठ्ठेचाळीस हजार,
दोन वर्षांचे घराचे हप्ते, सदतीस.
खाली मी लिहिलं होतं, पंचाहत्तर.
"आई, चुकलं.
आठ नि सात पंधरा. पाच लिहिलेस,
हातचा एक कुठे गेला?"
आणि माझीच पेन्सिल घेऊन तिनं
चारच्या डोक्यावर, रेघेच्या बाहेर,
एक बारीकसा एक काढला.

पंच्याऐंशी.

दहा हजारांनी महागलं सगळं एका क्षणात.
मिरोन हसला. आधी तो, मग मी.
तेवढ्यात छपरावरून घरघर गेली,
कुणातरी आजाऱ्याला घेऊन निघालेली.
"किंग एअर," मी म्हणाले.
"न बघता?"
"न बघता."
तो हात पुसत पुसत आला,
खुर्ची ओढून बसला,
आणि आमच्या ट्रकची किंमत
त्यानं आपल्या हातानं वजा बाजूला लिहिली.
थोडी जास्तच लिहिली.

अजून काही ठरलेलं नाही.

सोमवारी पहाटे पाचला
पिंजरा आम्हाला घेऊन खाली सुटतो.
कानात दडे बसतात,
उतरताना विमानात बसतात तसेच, अगदी तसेच.
शेजारची विल्मा च्युइंगगम पुढे करते.
मी नको म्हणते,
आणि आवंढा गिळते.